कोडं कुणाला पडलं होतं?

फेब्रुवारी संपत आला की मराठीत विज्ञान लिहिणाऱ्यांची एक ठरलेली धांदल उडते. अठ्ठावीस तारखेला विज्ञान दिन, म्हणजे रामन यांच्यावर काहीतरी हवंच. दरवर्षी तोच प्रकाश, तेच विकिरण, तेच १९३० सालचं नोबेल. यंदा म्हटलं, जरा वेगळी वाट धरू. रामन यांनी तबला-मृदंगावर काम केलं होतं, त्यावर लिहू. लिहिलं, आणि मथळा दिला : ‘रामन यांनी सोडवलं तबल्याचं कोडं’. माझ्या नेहमीच्या मानाने लेख बराच वाचला गेला. मी हुरळून त्याची लिंक आमच्या तबलेवाल्या काकांना पाठवली, कारण शाईबद्दलची, म्हणजे तबल्याच्या मधल्या काळ्या गोलाबद्दलची, त्यातली अर्धी माहिती मी त्यांच्याच दुकानातल्या स्टुलावर बसून उचलली होती. चार दिवसांनी आप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, तबल्याची फाटलेली पुडी (वरचं चामड्याचं तोंड) बदलायला गेले. काकांनी लाकडी खोड हातात घेतलं, उलटंपालटं करून पाहिलं, गठ्ठे काढून बाजूला ठेवले, चामड्याची वादी सैल करायला घेतली आणि मान वर न करता म्हणाले, “ताई, वाचलं तुमचं. चांगलं लिहिलंय. पण कोडं कुणाला पडलं होतं?”

टोमणा नव्हता तो. चहात साखर किती, असं विचारावं तशा आवाजात त्यांनी विचारलं. मी हसून काहीतरी बोलले, पैसे आगाऊ दिले आणि बाहेर पडले. पण परळच्या पुलावर बस अडकली तेव्हा तो प्रश्न पुन्हा वर आला, आणि मग येतच राहिला.

काकांचं दुकान म्हणजे एका गल्लीतला दहा बाय आठचा गाळा. पाठीमागे जिथे गिरणीची चिमणी होती तिथे आता काचेचा टॉवर आहे आणि दुपारी त्याच्या काचांवरून परतलेलं ऊन थेट काकांच्या पाटावर पडतं. पुड्या वाळवायला बरं पडतं, म्हणतात. आत शिरलं की आधी ओल्या चामड्याचा वास येतो. कोपऱ्यातल्या बादलीत वादी भिजत पडलेली असते. भिंतीला कडेने चामड्याचा गजरा विणलेल्या पुड्या टांगलेल्या, पण अजून शाई न चढलेल्या, म्हणून डोळे नसलेल्या चेहऱ्यांसारख्या. शाई चढवणं हा एक वेगळाच उद्योग आहे. भाताची खळ, त्यात लोखंडाचा बारीक कीस आणि काजळी असा तो काळा मसाला. एक पातळ थर बोटाने लावायचा, गुळगुळीत गोट्याने घोटायचा, की दुसरा थर. असे किती थर, ते काकांनी मला कधी सांगितलं नाही. विचारलं की म्हणतात, “होईपर्यंत.” घोटताना आवाज येतो तो आधी भिजलेल्या पाटीवर पेन्सिल फिरवल्यासारखा आणि नंतर हळूहळू खडखडीत. घोटून घोटून शाईला बारीक भेगा पडतात, आणि त्या पडायलाच हव्यात. शाई अखंड पापुद्रा होऊन बसली तर खालचं चामडं गुदमरेल. डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं तर उन्हाळ्यातल्या शेताची जमीन दिसते, नखाएवढी.

रामन यांना पडलेलं कोडं मात्र खरं होतं, आणि ते मोठं मजेदार होतं. ताणलेली तार छेडली की मूळ सुराच्या बरोबरीने त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे सूर मिसळून येतात. हे पट पूर्ण अंकांत असतात म्हणून आपल्या कानाला त्यांचा एकच सूर वाटतो. गोल ताणलेल्या साध्या चामड्याचं तसं नाही. तिथे गणित निघतं ते १.५९, २.१४, २.३० असं अडनिडं. म्हणून ताशा कोणत्या पट्टीत लावलाय असं कुणी विचारत नाही, त्याने नुसतं कडाडायचं. मग तबल्याला ‘सा’ कुठून आला? पेटीशेजारी बसून तो तिच्या सुरात सूर कसा मिसळतो? कलकत्त्यात, सरकारी हिशेबखात्यातली नोकरी सोडून प्राध्यापक झालेल्या रामन यांनी १९२० साली शिवकाली कुमार यांच्यासोबत ‘नेचर’मध्ये एक लहानसं टिपण दिलं. सगळी तालवाद्यं बेसूर उपस्वरांची असतात, तबला-मृदंग हा त्याला ठळक अपवाद, असं त्यात होतं. पुढे १९३४ मध्ये त्यांनी हे काम सविस्तर मांडलं. शाईचं वजन मध्यावर पडल्याने ते अडनिडे आकडे ओढले जाऊन एक-दोन-तीन-चार-पाच अशा रांगेत येतात. चामड्याची नऊ वेगवेगळी कंपनं त्या पाच सुरांत जाऊन बसतात. ती डोळ्यांना दिसावीत म्हणून त्यांनी वाद्यावर बारीक वाळू भुरभुरवली आणि वाळूने काढलेल्या आकृत्यांचे फोटो घेतले. मला यातली वाळू फार आवडते. माणूस भौतिकशास्त्रज्ञ आणि करतोय काय, तर मृदंगावर रांगोळी.

तर कोडं होतं. पण ते रामन यांना पडलेलं होतं. तबल्याचं नव्हतं.

हे उमगलं तेव्हा मला आमच्या धंद्यातल्या क्रियापदांची थोडी लाज वाटली. आम्ही विज्ञानाची बातमी करतो तेव्हा प्रत्येक गोष्ट आधी कुलूपबंद असते आणि कुणीतरी संशोधक येऊन ते उघडतो. ‘रहस्य उलगडलं’, ‘गूढ उकललं’, ‘कोडं सुटलं’. इंग्रजीतून आलेली बातमी दीड तासात मराठीत करून द्यायची असते, तेव्हा ही तीन क्रियापदं गुळण्या केल्यासारखी तोंडातून बाहेर पडतात. पण उलट्या बाजूचं दुकानही तितकंच जोरात चालतं. माझा लेख आल्यावर तिसऱ्याच दिवशी आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो परत आला, माझं नाव गळून आणि नवं शेपूट लावून : ‘आपल्या पूर्वजांना जे हजारो वर्षांपूर्वी ठाऊक होतं ते विज्ञानाला आता मान्य करावं लागलं!’ खाली चार हात जोडलेले. मला एकदम भीती वाटली की काकांचा प्रश्नही याच पंगतीत बसवला जाईल. काकांना तसं काही म्हणायचंच नव्हतं. पूर्वजांना १.५९ ठाऊक होतं असा त्यांचा दावा नाही. त्यांना स्वतःलाही ते ठाऊक करून घ्यायचं नाही. चार घोट जास्त झाले की पुडी ‘बसते’ आणि कमी झाले की ‘किरकिरते’, एवढं ते सांगतात. या दोन शब्दांची कंपनसंख्या काढता येईल. पण ती काढल्यावर ते दोन शब्द चूक होते असं ठरत नाही, की आधीपासूनच विज्ञान होते असंही नाही.

माझ्या लहानपणी हा विषय आमच्या स्वयंपाकघरात असायचा. लालबागच्या चाळीत शनिवारी रात्री भजन असे. आप्पा पखवाजावर. संध्याकाळी आई पोळ्यांची कणीक मळून झाली की वेगळ्या ताटलीत मूठभर कणीक घेऊन पुन्हा मळायला बसायची. पोळ्यांची कणीक तेल लावून झाकून ठेवलेली आणि ही पखवाजाची, बिनतेलाची, बिनमिठाची, जरा सैलसर आणि चिकट. पखवाजाच्या डाव्या तोंडाला शाई नसते, तिथे बसायच्या आधी ओली कणीक थापतात. आप्पा ती बोटाने पसरायचे, थाप द्यायचे, मान हलवायचे, चिमूटभर काढायचे, पुन्हा थाप. कधी कणीक घट्ट झाली की खोलीच्या दारातून नुसतं “अगं” असं ऐकू यायचं आणि आई ओला हात घेऊन बाहेर यायची. कणीक मध्यात जाड ठेवायची की पसरट, कमी की जास्त, यावर तो घुमारा ठरे. भजन संपलं की ती खरवडून सकाळी कावळ्यांना. आमच्या मजल्यावरचे कावळे शनिवारचा गजर ऐकून रविवारी कठड्यावर हजर असत, असं आई सांगायची. यातलं अर्धं तिने रचलेलं असावं. मी माझ्या लेखात लिहिलं होतं, ‘पडद्याचं वस्तुमान वाढवल्यास कंपनसंख्या घटते.’ आईचा त्यात उल्लेख नव्हता. सुचलाच नाही. वस्तुमान म्हटल्यावर मला प्रयोगशाळा दिसली, परात नाही.

आप्पा गिरणीत साचेखात्यात होते. शेकडो माग एका छपराखाली, धोटे इकडून तिकडे आपटतायत, आणि त्यात आठ तास. तिथे कुणी कुणाशी बोलत नसे, ओठ वाचत. पहिला बोनस आला त्यात त्यांनी हा तबला घेतला, शिसमाचं खोड आणि तांब्याचा डग्गा. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि साचे थांबले ते थांबलेच. पुढची वर्षं त्यांनी वॉचमनच्या खुर्चीत काढली. पखवाज मंडळाकडे गेला, तबला घरी राहिला. आता सत्तरी उलटली आहे आणि कान गेले आहेत. पूर्ण नाहीत. दोन वर्षांपूर्वी तपासणी केली तेव्हा हाती आलेला कागद अजून माझ्या फाइलीत आहे. डावीकडे खालचे सूर, उजवीकडे वरचे, आणि रेघ डावीकडून निघून उजवीकडे घाटातून उतरावी तशी उतरत गेलेली, चार हजार हर्ट्झच्या आसपास एक खड्डा. तपासणाऱ्या मुलीने विचारलं, “कारखान्यात होते का?” मी हो म्हटलं. खड्ड्यावरून ओळखता येतं, म्हणाली.

त्या रेघेचा अर्थ घरी हळूहळू कळत गेला. आप्पांना डग्गा ऐकू येतो. डग्ग्याची शाई मध्यावर नसून एका बाजूला सरकलेली असते, तिच्यालगत मनगट दाबून सरकवलं की तो जो घुमतो, ते सगळं येतं. पण तबल्याच्या चाटेची, म्हणजे कडेच्या पट्टीवरच्या आवाजाची, धार गेली. ‘ना’ वाजवला की त्यांना काहीतरी टक् असं लागतं, म्हणे, लाकडावर बोट आपटल्यासारखं. कानाचं मशीन घेतलं तर ते आणखी बिघडलं. मशीन बोलणं ऐकू यावं म्हणून केलेलं असतं. लांबलेला सूर आला की त्याला वाटतं ही आपलीच शिट्टी, आणि ते तिला दाबायला धावतं. पेटीचा सूर त्यांना पाण्यातून आल्यासारखा थरथरतो. त्यामुळे तबल्याला बसताना ते मशीन काढून ठेवतात, उशीखाली, घड्याळासारखं. एकदा मला म्हणाले, “बाय, चाट गेली कुठे?” मी त्यांना तो कागद काढून दाखवला, खड्ड्यावर बोट ठेवलं. त्यांनी बराच वेळ पाहिला. मग घडी घालून परत दिला, आणि पुन्हा म्हणाले, “हां. पण गेली कुठे?”

विज्ञान आणि कला भेटतात म्हणतात ती जागा मुंबईत अगदी शासकीय पत्त्यासह आहे. कुलाब्याच्या टोकाला, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत. एका कार्यक्रमाची बातमी करायला गेले होते. आत शिरताच समोर हुसेन यांचं भिंतभर पसरलेलं चित्र, पुढे गॅलऱ्यांतून गायतोंडे, आरा. होमी भाभांनी संस्था उभारली तशी चित्रंही जमवली. स्वतः पेन्सिलीने माणसांचे चेहरे काढायचे. रामन यांनी त्यांची ओळख करून देताना त्यांना या काळातला लिओनार्दो म्हटलं होतं. मी खिडकीतून समुद्राकडे बघत उभी राहिले. समुद्राच्या निळाईवर रामन यांचं टिपण आहे. १९२१ मध्ये विलायतेहून परतताना नारकुंडा बोटीवर त्यांनी खिशातल्या प्रिझममधून पाण्याकडे पाहिलं आणि ‘नेचर’ला जे पत्र लिहिलं त्यावर पत्ता आहे मुंबई बंदराचा. आकाशाचं प्रतिबिंब म्हणून समुद्र निळा, हे म्हणणं त्यांना पटलं नव्हतं. तो दिवस मला फार आवडला, खोटं कशाला बोलू. स्वच्छ फरशी, शांतता, चित्रं, चांगली कॉफी. पण घरी येताना लोकलमध्ये वाटत राहिलं की तिथल्या चित्रांखाली पाटी आहे, चित्रकाराचं नाव आहे, आणि कावळ्यांना जाणाऱ्या कणकेला कुणी पाटी लावणार नाही. ही तक्रार आहे की नुसता हेवा, ते मला अजून नीट सांगता येत नाही.

जुलैत एका रविवारी सकाळपासून पाऊस लागला होता. भिंती ओल्या, कपडे वाळेनात, तबला उतरलेला. आप्पांनी तो बल्बखाली धरून शेकला, मग हातोडीने गजऱ्यावर ठोकत, गठ्ठे वर सरकवत चढवला. कानाने नाही, मी पेटीवर काळी दोन धरून ठेवायची आणि हाताने वर-खाली खुणावायचं, असं आमचं ठरलेलं आहे. लागल्यावर मी देव्हाऱ्याखालचा रांगोळीचा डबा आणला. पंखा बंद केला. आप्पा म्हणाले, “वाद्यावर माती टाकते?” मी म्हटलं, आप्पा, थोडीच. त्यांनी वाद्याला हात लावून कपाळाला लावला, म्हणजे परवानगी मिळाली, किंवा निदान माझ्या वतीने माफी मागून झाली. चहाच्या गाळणीतून मी रांगोळी चाळली. काळ्या शाईवर पांढरी पडताना फार सुंदर दिसते.

पहिल्या थापेला सगळी उडून माझ्या परकरावर. दुसऱ्यांदा कमी टाकली आणि आप्पांना सांगितलं, एकदम जोर नको, एकच ‘ना’, पुन्हा पुन्हा, बोट जागचं न हलवता. त्यांनी अनामिका शाईच्या कडेवर टेकवली आणि तर्जनीने चाटेवर हलके हलके मारत राहिले. ओल्या हवेने निम्मी रांगोळी जागीच चिकटून बसली होती. उरलेली थरथरली, सरकली, आणि साताठ थापांनंतर टेकलेल्या बोटापासून निघून शाईवरून आरपार जाणारी एक रेघ धरू लागली. धूसर, एका ठिकाणी तुटलेली. मी ओरडलेच. टेकलेल्या बोटाने चामडं तिथे अडवलं जातं, मूळ सूर गप्प होतो, दोन्ही अर्धुकं आळीपाळीने वर-खाली होतात, आणि मधल्या न हलणाऱ्या रेघेवर रांगोळी विसावते. हे सगळं मी मोठमोठ्याने त्यांना सांगितलं. मशीन उशीखाली. त्यांनी किती वाचलं माझ्या ओठांवरून, कोण जाणे. ते वाकून रेघेकडे बघत होते.

“वाकडी आली,” म्हणाले. “बोट कापतं माझं.”

मग त्यांनी मला पुन्हा चाळायला लावली. ‘तिं’ वाजवला, ‘तूं’ वाजवला. ‘तूं’ला बोट टेकलेलं नसतं, तेव्हा पांढरी पूड कडेकडे पळत सुटली. अर्धा तास हे चाललं. चटईवर, पेटीवर, त्यांच्या मिशांवर रांगोळी. चाट त्यांना परत ऐकू आली असं काही झालं नाही. मी विचारलंही नाही. शेवटी त्यांनी आपल्या पंच्याने वाद्य पुसलं, मांडीवर घेऊन, तान्ह्या मुलाचं अंग पुसावं तसं, आणि खोळ चढवली.

गणपतीच्या आधीचे पंधरा दिवस काकांच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. ढोलक्या, पखवाज, कुणाची मृदंगाची जोडी गावी जाणाऱ्या गाडीच्या आधी हवी आहे, कुणी नुसताच उभा राहून घाई करतोय. यंदा आप्पा हट्टाने सोबत आले होते. तबला गजऱ्यावरच्या तिसऱ्या-चौथ्या घराला उतरतोय अशी त्यांची तक्रार होती. ती मला ऐकू येत नव्हती आणि त्यांना कशी जाणवली ते मला माहीत नाही. त्यांनी बोट टेकवून सांगितलं, इथे मऊ लागतं. गर्दी जरा पांगल्यावर मी काकांना म्हटलं, काका, तुमच्या त्या प्रश्नावर मी खूप विचार केला. कोणता प्रश्न, ते म्हणाले. त्यांना आठवतच नव्हता. मी आठवण करून दिली तेव्हा हसले.

“मला पण पडतं की कोडं,” म्हणाले. हातातल्या दोन पुड्या त्यांनी माझ्यासमोर धरल्या. “बघा. एकाच कातड्यातल्या. मसाला तोच, घोटणारा हात तोच, दिवस तोच. ही बोलते. ही नाही बोलत. चाळीस वर्षं झाली. याचं लिहिलंय का कुणी काही?” मी म्हटलं, बघते. खरंच बघायचं आहे. चामड्याची जाडी सगळीकडे सारखी नसते, पाठीच्या कण्याकडचं आणि पोटाकडचं वेगळं, एवढं मला सुचलं. ते मी बोलून दाखवलं तर काकांनी दोन्ही पुड्या पाठीकडच्याच आहेत असं सांगून मला गप्प केलं.

मग त्यांनी आप्पांचा तबला मांडीवर घेतला, खोळ काढली, शाईवरून अंगठा फिरवला आणि थांबले. दिव्याखाली धरला. चष्मा डोक्यावरून नाकावर आणला. शाईच्या बारीक भेगांत, पुसूनही न निघालेले पांढरे धागे दिसत होते.

“हे काय गेलंय शाईत?”

मी पावतीचा कागद शोधू लागले. आप्पांनी काकांचे ओठ बघितले.

“रांगोळी,” ते म्हणाले.

“रांगोळी? वाद्यावर?”

“हिला कोडं पडलं होतं.”

काकांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग पाटाखालून गोटा काढला आणि शाई घोटायला घेतली.